माजी पोरगी पीत नाय

मुलाच्या लग्नाच्या सकाळी माझ्या बहिणीने आपल्या मुलीला आधी मारलं आणि मग विचारलं, काय झालं. मांडवात सगळे बघत होते. पोरगी भिंत धरत धरत वरच्या मजल्यावरून खाली आली. तोंडाला दारूचा वास, केस सुटलेले, अंगावर आदल्या दिवशीचीच पिवळी साडी. बहीण चुलीपाशी पुऱ्या तळत होती. तिच्या हातात झारा होता, तापलेला. तो तिने पोरीच्या दंडावर घातला, पाठीत घातला, आणि पोरगी वाकली तेव्हा मानेवर घातला. पोरगी ओरडली नाही. हातही वर केले नाहीत. मला तेच खटकलं, कारण माझी भाची मुकाट मार खाणाऱ्यांतली नव्हे. मी मध्ये पडून झारा हिसकावला, त्यात माझा तळवा भाजला. मग मी पोरीकडे नीट पाहिलं. साडी तिने नेसलेली नव्हती. कुणीतरी तिच्याभोवती गुंडाळली होती. निऱ्या नव्हत्या, पदर उलटा होता, पोलक्याचे हूक एक सोडून एक लावलेले होते. कुठल्याही बाईचा हात त्या साडीला लागलेला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

आमच्याकडची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. खाडीकाठच्या आमच्या आगरी-कोळ्यांच्या गावात लग्न एक वेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. त्या दिवशी देवालाही बाटली दाखवतात. धवले गाणाऱ्या म्हातारीला, म्हणजे धवलारणीला, पहिला घोट मानाचा. मागच्या पडवीत बायका आपापले ग्लास घेऊन बसतात. आज्या, सुना, लेकी, सगळ्या. कुणी चोरून पीत नाही. आमच्या आळीत तर करवलीने, म्हणजे नवरदेवाच्या बहिणीने, घोट घेतल्याशिवाय हळद लागली असं धरतच नाहीत. पण गावाला लागूनच सोसायट्या आल्या, तिथले लोक आमच्या हळदीचे व्हिडिओ बघून खिदळतात, नाकं मुरडतात. म्हणून गावाबाहेर पाऊल पडलं की आमच्या बायका एकदम सोवळ्या होतात. ऑफिसात विचारा, शाळेत विचारा, दवाखान्यात विचारा, एकच उत्तर येतं: आमी नाय बाई घेत. मीही कोर्टातल्या मैत्रिणींना कित्येकदा असंच सांगितलंय. ते खोटं आहे असं आम्हाला वाटतच नाही. बाहेर जाताना चप्पल घालावी तसं ते आम्ही घालतो.

मी गावातली पहिली वकील. रबाळे स्टेशनासमोर एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. भाडेकरार, गावठाणातल्या घरांचे कागद, वारसांची भांडणं, यावर माझं पोट चालतं. गावात मला वकीलबाय म्हणतात. फौजदारी कामाला मी हात लावत नव्हते, कारण माझं डोकं लवकर फिरतं आणि त्या कोर्टात डोकं थंड लागतं. मोठी बहीण, जिला मी बाय म्हणते, मासळी विकते. तिचा नवरा वारला तेव्हा दोन्ही पोरं शाळेत होती. कोयत्याच्या जोरावर तिने दोघांना वाढवलं. मुलगा कंपनीत चिकटला, आणि मुलगी, ही माझी भाची, तेवीस वर्षांची, रबाळ्याच्याच एका ऑफिसात हिशेब बघते. मला मूल नाही. काय माया करायची ती मी या पोरीवर केली.

मी तिला देवघरामागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिने सलग काहीच सांगितलं नाही. बायकांमध्ये बसली होती ते आठवत होतं. उलटी झाली ते आठवत होतं. मग वरच्या खोलीतला पंखा, आणि छातीवर ओझं. "मी हात उचलत होते मावशी," ती म्हणाली, "पण तो उचलतच नव्हता." माणूस कोण ते तिला आठवत होतं, कारण त्याने तिचं तोंड आपल्याकडे फिरवून तिला नावाने हाक मारली होती. तो तिच्या भावाचा मित्र होता. पहिलीपासूनचा मित्र. पावणे एमआयडीसीत त्याच्या बापाचा लोखंडकामाचा कारखाना आहे. हळदीचा मांडव त्यानेच उभा करून दिला होता. बायला तो काकी म्हणायचा आणि तिच्या ताटात जेवायचा.

मी काही विचारायच्या आत दाराबाहेर भांडं पडल्याचा आवाज झाला. भाचा दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

हळद लागलेल्या नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं आणि हातातली कट्यार खाली ठेवायची नसते. कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं, नजर लागू नये म्हणून. भाच्याने ते लिंबू उपसून अंगणात फेकलं आणि तो निघाला. अंगभर पिवळा, अनवाणी, रात्रीच्या दारूने डोळे तांबारलेले. मी मागून धावले. दोन गल्ल्या सोडून मित्राचं घर होतं. तो ओटीवरच्या खाटेवर पालथा झोपला होता. भाच्याने त्याला केसांना धरून उठवलं, तो आपल्याच मित्राकडे बघून झोपेत हसला, आणि त्या हसण्यावर कट्यार फिरली. गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडा झाला. पहिला वार मी दाराशी उभी राहून पाहिला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वाराला त्याने तोंडापुढे हात धरला, दोन बोटं कातडीला लोंबायला लागली, पांढरं हाड दिसलं, आणि मी किंचाळायला लागले. तोवर आमच्या आळीतले पुरुष मांडवाचे बांबू घेऊन पोचले होते. त्यांनी त्याला ओटीवरून खाली ओढलं. गुडघ्यावर बांबू बसला तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. गल्लीच्या तोंडाशी बँडवाले आले होते. गर्दी बघून वरात निघाली असं त्यांना वाटलं आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्याची आई मध्ये पडली, तिलाही एक लागला. बँड थोडा वेळ वाजतच राहिला.

नवरी उरणची. तिच्याकडची माणसं हॉलवर जेवणाची पानं मांडून वाट बघत बसली आणि नवरदेव हळदीच्या अंगाने पोलीस ठाण्यात कोठडीत बसला. मित्राला दवाखान्यात नेलं, तिथून मग अटक झाली. मी एका खोलीत भाच्याच्या अटकेचे कागद बघत होते. पलीकडच्या खोलीत महिला अधिकारी भाचीचा जबाब घेत होत्या आणि बाय तिच्या शेजारी बसली होती. मी तिथे असायला हवं होतं. एका बहिणीची दोन पोरं दोन खोल्यांत, मी एकटी, आणि मी गजाआडच्या पोराकडे आधी धावले.

दुसऱ्या दिवशी तक्रारीची प्रत हातात आली तेव्हा ती वाचून मी डोक्याला हात लावला. लिहिलं होतं की मुलगी दारू पीत नाही, कधी प्यायलेली नाही, आणि भावाच्या मित्राने तिच्या सरबतात काहीतरी मिसळून तिला गुंगी आणली. तिकडे दवाखान्यात तपासणीच्या वेळी तिचं रक्त काढलेलं होतं. त्या रक्तात दारू निघणार होती आणि गुंगीचं औषध निघणार नव्हतं. म्हणजे पोरीचं पहिलंच वाक्य खोटं ठरणार होतं. पहिलं वाक्य खोटं ठरलं की समोरचा वकील उरलेली सगळी वाक्यं त्याच पिशवीत भरतो. माझी भाची खरं बोलत होती आणि तिच्याच तक्रारीने ती खोटी ठरणार होती. तिला खरी ठरवायला आमच्या हातात फारच थोडे दिवस होते, कारण लवकरच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब व्हायचा होता.

मी बायकडे गेले. ती मागच्या अंगणात मासळी कापत होती. घरात हे झालेलं, पोरगा कोठडीत, आणि ही घोळ मासा कापत बसलेली. मी विचारलं, सरबत कुठून आलं? ती कोयता चालवत राहिली.

"माजी पोरगी पीत नाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाय, मी स्वतः तिच्या हातात ग्लास बघितलाय, मी जेवून लवकर निघाले तेव्हा तुझ्याच बाजूला बसून पीत होती. त्यावर तिने माशाचं डोकं एका घावात उडवलं. मग बोलायला लागली. पोरगी दारू पिऊन पडली होती असं सरकारी कागदावर आलं तर उद्या तिच्याशी लगीन कोण करील? आणि पिऊन पडलेल्या बाईचं पोलीस ऐकतात का? लोक म्हणतील, प्यायली ना, मग भोग. त्याने पाजली असं म्हटलं तर गुन्हा त्याचा, आपण प्यायली म्हटलं तर गुन्हा आपला. एवढा साधा हिशेब होता तिचा, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या महाराष्ट्राचा तोच हिशेब आहे.

मी तिला सांगितलं की कायद्याचा हिशेब वेगळा आहे. नव्या न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, पण ते वाक्य जुनंच राहिलं: बाई नशेमुळे, आपण कशाला हो म्हणतोय हे समजण्याच्या अवस्थेत नसेल, तर तिने हो म्हटलं तरी ती संमती नव्हे. नशा कुणी दिली हे त्यात विचारलेलंच नाही. त्याने पाजली तरी तेच, तिने आपल्या हाताने ओतून घेतली तरी तेच. तिने मारलं नाही, ओरबाडलं नाही, म्हणून संमती होती असंही धरता येत नाही. विचारायचं एवढंच असतं की त्या वेळी तिला कळत होतं का. दोन घोट घेतलेल्या प्रत्येक बाईला हे लागू नाही, तेही मी तिला सांगितलं. प्यायलेलं माणूस हो म्हणू शकतं आणि त्याला कळतही असतं. म्हणून कोर्टात भांडण दारूवर होत नाही, ती किती चढली होती यावर होतं. आणि तूच लिहून दिलंस की ती प्यायलीच नव्हती. मग आता ती बेशुद्ध होती हे मी कशावरून सांगू?

बायने कोयता पाटावर असा मारला की तो लाकडात रुतून बसला. मग ती हमसून रडली. ग्लास तिने भरला होता. एक नव्हे. करवलीला प्यावंच लागतं म्हणून बायकांनी हट्ट धरला, पोरगी पुरे म्हणत होती, आणि आईने हसत हसत तिचा ग्लास पुन्हा भरला. उलटी झाल्यावर आईनेच तिला काखेत धरून वर नेलं आणि अंगावर चादर टाकली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझा हात वरही झाला. मग तो मी त्या कोयत्याच्या मुठीवर ठेवला आणि पाटातून कोयता उपसत बसले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

भाचीला मी सगळं समजावलं. ती तेव्हा माझ्या घरीच होती. तिने शांतपणे ऐकलं. तिच्या मानेवर झाऱ्याचा फोड उठला होता, त्यावर ती सारखं बोट फिरवत होती. तिने एवढंच विचारलं की मी प्यायले म्हटलं तर ते माझ्यावर हसतील का. मी म्हटलं, हसतील. ती म्हणाली, मग हसू दे. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिने सांगितलं की मी दारू प्यायले होते, आईने दिली होती, नेहमीपेक्षा खूप जास्त झाली होती आणि मला उभंही राहता येत नव्हतं. सरबताचं आईने भीतीने सांगितलं आणि मी आईपुढे मान हलवली, हेही सांगितलं. बायनेही पुन्हा पोलिसांकडे जाऊन ग्लासाचं, उलटीचं, चादरीचं लिहून दिलं. जबाबानंतर भाची पुन्हा आईकडे राहायला गेली.

मग मित्राचा बाप आला. गावातली दोन वजनदार माणसं सोबत होती. बायच्या ओटीवर ते बसले, चहा घेतला. म्हातारा मवाळ बोलतो, त्याच्या आवाजाला कधी धार नसते. तो म्हणाला, पोरंच ती. दोघंही पिऊन होते. त्याला काय शुद्ध होती आणि तिला काय शुद्ध होती. तुमच्या पोरानेही नशेतच हत्यार चालवलं, आम्ही समजून घेतो. माझा मुलगा कोर्टात सांगेल की अंधारून आलं, कोणी मारलं दिसलं नाही. तुमच्या पोरीने सांगावं की दारूमुळे मला काही आठवत नाही. दोन घरं वाचतील. त्या वजनदारांपैकी एकाने वर असंही म्हटलं की शेवटी दारूच वाईट.

बाय माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत मला दिसत होतं की ती तराजू धरून उभी आहे आणि एका पारड्यात तिचा मुलगा आहे. तो अजून आतच होता. तिने हळूच विचारलं की आपला पोरगा प्यायलेला होता हे तर खरंच ना, मग त्याचा त्याला काय फायदा? मी म्हटलं, काही नाही. फसवून किंवा बळजबरीने पाजलेल्यालाच कायदा तेवढी सूट देतो. आपल्या मर्जीने ढोसून कट्यार चालवणारा शुद्धीत होता असंच धरतात, आणि आपल्या मर्जीने ढोसून बाईच्या खोलीत शिरणाराही शुद्धीत होता असंच धरतात. मग मी म्हाताऱ्याकडे वळले: काका, तुमच्या पोराला दारू वाचवणार नाही आणि आमच्याही पोराला वाचवणार नाही. आणि हे दोन्ही गुन्हे ओटीवर बसून मिटत नसतात.

म्हातारा हसला. म्हणाला, वकीलबाय, आमच्या वेळी पिऊन लोळणाऱ्या बायकांसाठी कायदे नव्हते.

मी हातातला पितळी पेला फेकला. तो त्याच्या कानाशेजारून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा उडाला. लागला असता तर माझ्यावरही केस झाली असती, आणि मी शुद्धीत होते, चहाच प्यायले होते. ते उठून गेले. बाय म्हणाली, तुला तुझ्या भाच्याची पर्वा नाय. मी म्हटलं, आहे, पण त्याला सोडवायला मी तिला विकणार नाही. त्यानंतर बरेच दिवस आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. भाच्याला पुढे जामीन मिळाला. उरणचं लग्न मोडलं.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. असे खटले बंद दाराआड चालतात. सरकारी वकील बाई होत्या, त्यांच्या मदतीला बसायची मला परवानगी मिळाली. समोरचे वकील पिकल्या केसांचे, अतिशय सभ्य. त्यांनी भाचीला एकदाही अगं-तुगं केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की दोघांचं आधीपासून जमत होतं, मुलीनेच खुणेने वर बोलावलं, दोघंही राजीखुशीने होते, आणि सकाळी आईचा मार पडल्यावर मुलीने बलात्कार म्हटलं. रक्ताचा अहवाल त्यांच्या विरोधात होता, तर तोच त्यांनी आपल्या बाजूला वळवला. मुलीला सवय आहे, ते म्हणाले. सवय असलेल्याला इतकी चढत नाही.

मग त्यांनी हळदीचा व्हिडिओ लावला. आमच्याकडे तीन-तीन कॅमेरे लावतात, ड्रोन वेगळा. पडद्यावर माझी भाची डोक्यावर बाटली तोलून नाचत होती. बाटली पडत नव्हती. ती खूप सुंदर दिसत होती, आणि ते बघताना मला त्या वकिलाची मान मुरगाळावीशी वाटत होती. त्यांनी विचारलं, डोक्यावरची बाटली न पाडता नाचणारी मुलगी शुद्धीत असते की नसते? ती म्हणाली, शुद्धीत होते. मग ते थोडं थांबले. त्यांना वाटलं, काम झालं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"तेव्हा कुणी माझं नाव विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "वरच्या खोलीत विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं."

तरीही गाठ सुटलेली नव्हती. ती वर बेशुद्ध पडली आहे हे त्याला ठाऊक होतं का, यावर सगळं अडलं होतं. घरात शंभर माणसं. वरच्या खोलीत कोण आहे, कशा अवस्थेत आहे, हे त्याला कसं कळणार? बोलावल्याशिवाय तो वर का जाईल? समोरचे वकील हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने फिरवत होते, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. सरकारी वकीलबाई मला हळूच म्हणाल्या होत्या, इथेच आपण मरतोय.

शेवटी बाय साक्षीला उभी राहिली. ती नऊवारी नेसून आली होती, नाकात नथ. आधी सरबताच्या खोट्यावरून तिला सोलून काढलं. पोलिसांना खोटं सांगितलंत? सांगितलं. तुमच्या समाजात बायका पितात? पितात. मुलगी आधी प्यायली आहे? हळदीला पिते. म्हणजे कॅमेऱ्यासमोर पिते, पोलिसांसमोर पीत नाही? बायचा चेहरा मासळी सुकावी तसा सुकला होता. ती खाली बघून उत्तरं देत होती. मला तिची दया येत होती आणि तिने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं नाही म्हणून रागही येत होता.

मग सभ्य आवाजात तो प्रश्न आला. तुम्ही मुलीला वर झोपवलंत, दार लोटलंत, खाली आलात. बरोबर? बरोबर. ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत? मग तुमची मुलगी वर आहे हे माझ्या अशिलाला तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार होतं?

न्यायाधीशबाईंनी बायला पाणी द्यायला सांगितलं. तिने पाणी घेतलं नाही. कठड्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं.

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "बर्फ संपला होता. पेटी वरच्या खोलीत होती. मी त्याला बोलले, वर जा, पेटी घेऊन ये, पन आवाज करू नको, पोरगी तिथं बेसुद पडली हाय."

समोरचे वकील खाली बसले. सरकारी वकीलबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि पंचनाम्याची पानं उलटायला लागल्या. वरच्या खोलीत भरलेली बर्फाची पेटी मिळाली, बर्फाचं पाणी झालेलं, असं तिथे लिहिलेलं होतं. लग्नघरात बर्फाची पेटी असणारच म्हणून आमच्यापैकी कुणीही त्या ओळीवर थांबलं नव्हतं. आरोपी मान खाली घालून बसला होता, गालावरची खूण ताणली गेली होती. त्याला ठाऊक होतं. ती हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही, हे त्याला सांगून वर पाठवलेलं होतं. त्याचा वकील खटलाभर जे आम्हाला विचारत होता त्याचं उत्तर माझ्या बहिणीच्या पोटात होतं, आणि तिने ते गिळून ठेवलं होतं. दारू लपवली ती लोकलाजेसाठी, असं मी समजत होते. दारूआड तिने हे लपवलं होतं.

बाहेर बाकावर भाची बसली होती. आत काय झालं ते तिला मी सांगणार होते. बाय माझ्या आधी गेली, तिच्यासमोर उभी राहिली आणि जे कोर्टात बोलली ते शब्दाला शब्द पुन्हा बोलली. पोरगी ऐकत होती. मला वाटलं ती आईला मारेल. तिने मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते.

"एवढे दिवस तू माझ्याच शेजारी झोपत होतीस ना?" तिने विचारलं.

बायने मान हलवली. भाची उठली आणि जिना उतरून गेली. त्या आठवड्यात तिने कामोठ्याला एका मैत्रिणीसोबत खोली घेतली. आईचा फोन ती घेत नाही. बाय मला विचारते, पोरगी जेवते का, आणि मी सांगते, जेवते.

निकाल लागला तेव्हा आम्ही तिघी कोर्टात होतो. आरोपी दोषी ठरला. न्यायाधीशबाईंनी निकाल वाचताना बर्फाच्या पेटीचं ते वाक्य जसंच्या तसं वाचलं, बायच्या बोलीत, आणि त्याला मुलीच्या अवस्थेची पूर्ण जाणीव होती असं नोंदवलं. वाचन चाललं होतं तेव्हा भाची माझ्या डावीकडे होती, बाय उजवीकडे. शिक्षा ऐकून भाचीने माझा डावा हात घट्ट धरला, इतका की बांगडी फुटली. उजवीकडे बाय हुंदके देत होती आणि माझा उजवा हात मोकळा होता. भाच्याचा खटला अजून चालू आहे, बाय दर तारखेला जाते, तिच्यावर काय गुजरते ते मला दिसतं. पण त्या दिवशी तो हात मी तिला दिला नाही. मला अजून तिचा राग येतो.